निकोनॉस ठेवू की डिजिटल घेऊ? (पाण्याखालचे फोटो, मुक्काम सोलापूर)

हिप्परगेकर
१२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वय ६१. गाव सोलापूर, समुद्र इथून चारशे किलोमीटर. तरी १९९६ साली दुबईहून परतलेल्या एका मित्राकडून निकोनॉस ५ हा फिल्मचा कॅमेरा घेतला आणि पाण्याखालच्या फोटोंचं वेड लागलं. आधी नुसतं स्नॉर्कल, मग २००३ मध्ये लक्षद्वीपला रीतसर डायव्हिंग शिकलो. पुढे अंदमान, नेत्राणी (कर्नाटकातलं बेट), आणि आता दर हिवाळ्यात मालवण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: निकोनॉसला वेगळी पेटी लागत नाही, कॅमेराच जलाभेद्य. ५० मीटरपर्यंत चालतो. पण त्यात फोकस दिसत नाही. मासा किती लांब आहे ते अंदाजाने ठरवायचं आणि लेन्सच्या बाजूचा खुंटा फिरवून तो आकडा लावायचा. माझी सगळी हयात त्या अंदाजात गेली.

आता अडचण. गेल्या मार्चमध्ये मालवणला एक रोल काढला, मुंबईला पाठवला, तीन आठवड्यांनी धुऊन आला. ३६ पैकी ३१ धूसर. चाळिशीचा चष्मा मास्कखाली बसत नाही. दोन मीटरचा आकडा समजून मी काटा एकावर ठेवला होता. पाण्यात मजेत होतो. तीन आठवडे मनातल्या मनात त्या रोलमधल्या स्टिंग रे माशाच्या फोटोची फ्रेमसुद्धा करून झाली होती.

घरचे म्हणतात आता डिजिटल घ्या. प्रश्न असे: साधा कॉम्पॅक्ट (लहान कॅमेरा) आणि हाउसिंग (जलाभेद्य पेटी) घ्यावं, की मोठा कॅमेरा? जुना स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) चालेल का? आणि खरं विचारायचंय ते हे, की सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची सवय मोडून हात बसतो का?

चादरवाला
१२ ऑक्टोबर, रात्री ९:५२

नळाला पाणी चार दिवसाआड आन् हे पाण्याखाली फोटो काढूलालेत! लै भारी मालक. सोलापूरचं नाव काढलं बगा.

कडक_भाकरी
१२ ऑक्टोबर, रात्री १०:०३

शेंगाची चटणी घेऊन बसलोय. चालू द्या.

निळीशार
१२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

काका, धागा फार आवडला.

मी उलट्या टोकाची. फिल्म कधी वापरलीच नाही. २०१२ मध्ये हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उतरले तेव्हा पहिले दहा फोटो भयानक हिरवे-निळे आले. अकराव्याला मी दोन हात पुढे सरकले. विसाव्याला स्ट्रोब बाजूला वळवला. डायव्ह संपेपर्यंत एक लायनफिश बरा जमला होता. तेच शिकायला तुम्हाला किती रोल लागले असतील? तुमचे ३१ फोटो धूसर आहेत हे मला दुसऱ्याच फोटोनंतर कळलं असतं. मला तरी डिजिटलचा मोठा फायदा हाच वाटतो. मेगापिक्सेल वगैरे नंतर.

तुमची अडचण डोळ्यांची आहे, त्यामुळे ऑटोफोकस हे एकच कारणही पुरे. मात्र मागचा पडदा वाचायलाही चष्मा लागतोच! मास्कच्या काचेला आतून खालच्या बाजूला चिकटवायची छोटी भिंगं मिळतात. ती आधी घ्या, कॅमेरा नंतर.

पाचवा_पडदा
१३ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

असहमत. (पुण्याचा आहे, तेव्हा असहमत असणारच, असं कुणी म्हणायच्या आत मीच म्हणतो.)

वेल्व्हिया ५० या स्लाइड फिल्मवर काढलेली प्रवाळाची स्लाइड लाइट बॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली आहे का कुणी? तो लाल, तो निळा. पाण्याखालून वर सूर्याकडे पाहून काढलेला फोटो घ्या. फिल्मवर सूर्याच्या भोवतीचा उजेड हळूहळू निळ्यात विरघळत जातो. सुरुवातीच्या डिजिटलमध्ये मधे एक पांढरं भोक आणि भोवती निळसर-हिरवी कडा. फाटलेल्या छतासारखं.

दुसरं म्हणजे शिस्त. ३६ च आहेत म्हटलं की माणूस थांबतो, बघतो, मासा वळेपर्यंत श्वास सांभाळतो. आता लोक चारशे फोटो काढून येतात आणि हॉटेलवर बसून त्यातला चांगला कुठला ते शोधतात.

काका, कॅमेरा सोडू नका. स्लाइड स्कॅन करून घ्या.

निळीशार
१३ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

@पाचवा_पडदा, सूर्याचं मान्य. त्याला उपाय म्हणजे शटर जोरात ठेवायचं, १/२५० सेकंद वगैरे, आणि सूर्य एखाद्या खडकाआड अर्धा झाकायचा. नवे सेन्सर बरेच सुधारलेत.

शिस्तीचं मात्र अर्धंच पटतं. चारशे फोटोवाले मीही पाहिलेत. एका इवल्या सीहॉर्सवर पाच जण पाळीपाळीने फ्लॅश मारत होते, एकाचं कोपर प्रवाळावर. पण तो दोष कॅमेऱ्याचा नाही. आधी पाण्यात स्थिर तरंगायला शिकायचं, मग हातात कॅमेरा घ्यायचा. उलटं केलं तर फिल्मवालासुद्धा प्रवाळ मोडतो. निकोनॉसचा क्लोजअपचा तारेचा चौकोन लोक माशाच्या तोंडात खुपसायचे, ते विसरलात का?

हिप्परगेकर
१३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

ताई, तो चौकोन माझ्याकडे अजून आहे. तारेच्या आत जे येईल ते फोकसमध्ये. फक्त मासा तारेच्या आत यायला तयार नसतो. गोगलगायी आणि तारामासे, एवढेच माझे क्लोजअप. न पळणारी मंडळी.

@पाचवा_पडदा, तुमच्यासारखंच मन म्हणतं हो. पण ३६ ची शिस्त म्हणता तेव्हा एक गंमत सांगतो. पाण्याखाली रोल बदलता येत नाही. ३६ संपले की कासव येतं. दर वेळी. नेत्राणीला माझे संपले होते आणि कासव येऊन माझ्यासमोर इतकं निवांत चरत बसलं, की त्याला माहीत असावं असंच वाटलं.

बेरीज_वजाबाकी
१३ ऑक्टोबर, दुपारी २:१०

भावना बाजूला ठेवून हिशेब. स्लाइड रोल आता दोन हजारांच्या पुढे. धुणं, कुरिअर, स्कॅन धरलं की एकेका क्लिकला शंभराच्या आसपास. तुमच्या ३१ धूसर फोटोंचे तीन हजार गेले. वर्षाला दहा रोल काढत असाल तर दोन-अडीच वर्षांत चांगला कॉम्पॅक्ट आणि हाउसिंग सुटतं. वर्षाला एकच रोल काढत असाल तर मात्र फिल्मच स्वस्त, गप्प बसा आणि काढा.

प्रकाशयात्री
१३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

स्ट्रोबच्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

फिल्म कॅमेऱ्यात टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजणारा) फ्लॅश असा चालायचा: शटर उघडलं, फ्लॅश पेटला, माशावरून परतलेला उजेड फिल्मवर पडला, फिल्मवरून जो परत उसळला तो आतल्या सेन्सरने मोजला, आणि पुरे झाला की फ्लॅश तोडला. सगळं एका क्षणात. डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी चकचकीत सेन्सर आला, त्यावरून उजेड तसा परतत नाही. म्हणून कंपन्यांनी पद्धत बदलली. आधी एक बारीक फ्लॅश मारून अंदाज घ्यायचा, मग खरा फ्लॅश. जुन्या स्ट्रोबना ही नवी भाषा कळत नाही. २००० नंतर डिजिटलकडे आलेल्या कितीतरी लोकांचे भारीतले स्ट्रोब त्यामुळे एका रात्रीत मुके झाले.

मुके झाले, मेले नाहीत. मॅन्युअलवर ते आजही चालतात. निकोनॉस पद्धतीचा पाच पिनांचा सॉकेट असलेली हाउसिंग अजून मिळतात. फक्त जोडण्याआधी जुन्या स्ट्रोबचं ट्रिगर व्होल्टेज (कॅमेऱ्याच्या जोडणीवर येणारा विजेचा दाब) मोजून घ्या. स्ट्रोबला स्लेव्हचा डोळा असेल तर कॅमेऱ्याचा चिमुकला फ्लॅश पाहून तो आपोआप पेटेल, पण तेव्हा कॅमेऱ्याचा आधीचा बारीक फ्लॅश बंद करावा लागतो, नाहीतर स्ट्रोब घाईने आधीच पेटून मोकळा होतो. वऱ्हाड यायच्या आत जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा.

नवा स्ट्रोब घेणार असाल तर उजेड वाहून नेणाऱ्या फायबरच्या दोरीवर चालणारा घ्या. त्यात हाउसिंगला वायरीसाठी भोक पाडावं लागत नाही. भोक कमी तेवढी धास्ती कमी.

आता रंग. पाण्यात लाल रंग सर्वात आधी गळतो. पाच-सहा मीटरवरच तो फिका पडतो, पुढे नारिंगी, मग पिवळा. फिल्मवर याला दोनच उपाय होते, स्ट्रोब किंवा लाल फिल्टर. डिजिटलमध्ये रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ) फाइल ठेवली की व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, घरी येऊन बदलता येतो. पण जो लाल खाली पोचलाच नाही तो संगणक कुठून आणणार? पंधरा-वीस मीटरवर स्ट्रोबशिवाय काढून नंतर लाल ओढायला गेलात तर नुसते दाणे हाती लागतात.

कडक_भाकरी
१३ ऑक्टोबर, रात्री ९:००

पाहुण्याची उपमा आवडली. आमच्याकडं असे तीन आहेत.

घुबड_आणि_मी
१४ ऑक्टोबर, सकाळी १०:१२

भाबडा प्रश्न: मोबाइलला प्लास्टिकची पिशवी मिळते, गळ्यात अडकवायची. ती नाही का चालणार?

दांडीकिनारा
१४ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

@घुबड_आणि_मी, पिशवीत मोबाइल घालून पाण्यात गेलेले आमच्या बोटीवर रोज दिसतात. येताना निम्मे रडत येतात. वरवर पोहायला ठीक. खोलीवर पिशवी पडद्याला चिकटते, बोट फिरवलं तरी फोनला कळत नाही. आणि दहा मीटरला दाब वरच्या दुप्पट होतो, पुढे दर दहा मीटरला तेवढाच वाढत जातो.

हिप्परगेकर काका, मी मालवणचा, पाण्यातलाच माणूस. एकच सांगतो, आमच्याकडे पाणी अंदमानसारखं काचेचं नसतं. चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या पायातले पंख दिसत नाहीत. इथे मोठा कॅमेरा, मोठा डोम (हाउसिंगची घुमटासारखी काच) आणून काय करणार? लहान वस्तूंचे फोटो काढा. खडकावरच्या रंगीत गोगलगायी, कोळंबी, शेवंडीच्या मिशा. त्याला कॉम्पॅक्ट फक्कड. ऑलिम्पसचा टीजी मालिकेतला कॅमेरा बघा. तसाच १५ मीटर जातो, हाउसिंगमध्ये ४५ पर्यंत. अगदी भिंगाला चिकटलेल्या वस्तूचाही फोटो काढतो.

आणि पावसात येव नकात. जून ते सप्टेंबर सगळा बंद.

पाचवा_पडदा
१४ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

गढूळ पाण्याचा जुना नियम इथे लागू: जितकं लांब दिसतंय त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत वस्तू हवी. सात मीटर दिसत असेल तर दीड मीटरच्या आत. त्यापुढचा फोटो काढायचा नाही, नुसतं बघायचं. फिल्म असो की डिजिटल, मधलं पाणी दोघांनाही सारखंच नडतं.

प्रकाशयात्री
१४ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

+१. आणि स्ट्रोब लेन्सच्या शेजारी ठेवू नका, दांड्यावर लांब बाजूला न्या. नाहीतर मधला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत हिमवर्षाव होतो. मालवणात हिमवर्षाव!

चादरवाला
१४ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

मला फोटोतलं काय कळत नाही पण एक सांगतो. आमच्या चुलत्याचा स्टुडिओ होता. लग्नात कॅमेऱ्यात रोल अडकला की तो मांडवातल्या मागच्या खोलीत जायचा, डोक्यावरून चादर घ्यायचा आन् आत हात घालून रोल सोडवायचा. कंपनीची काळी पिशवी नव्हती त्याच्याकडं. म्हणायचा, सोलापुरी चादरीची दुहेरी घडी घातली की सूर्याच्या बापाला आत येता येत नाही. डिजिटल आल्यावर चादर फक्त झोपायला राहिली.

हिप्परगेकर
१४ ऑक्टोबर, दुपारी ४:००

हे मी बोटीत केलंय! लक्षद्वीपला रोल गुंडाळताना अडकला. भर दुपारी, टळटळीत उन्हात चादर डोक्यावर घेऊन बसलो. नावाड्याला वाटलं थंडी वाजून आली, तो लिंबू-पाणी घेऊन आला.

भीमाकाठ
१४ ऑक्टोबर, रात्री ८:२०

एक विषयांतर. समुद्रच कशाला? उजनीत उतरा की. पाणी फार आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. एरवी ते पाण्याखालीच. त्याचे आतून फोटो काढले तर?

दांडीकिनारा
१४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

नको. हात जोडून सांगतो, नको. धरणात जाळी असतात, बुडालेली झाडं असतात, उजेड नसतो. परवानगीचा प्रश्न वेगळाच. समुद्रात निदान काय आहे ते दिसतं.

हिप्परगेकर
१४ ऑक्टोबर, रात्री ९:३५

बरोबर. उजनीचं पाणी पावसाळा सोडला तरी हिरवंगार, हात घातला तर बोटं दिसत नाहीत. देवळाचे फोटो आटल्यावर काठावरूनच बरे.

जुनी_पानं
१५ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

इतिहासाची थोडी फोडणी. फ्रान्समध्ये बान्यूल्स नावाच्या गावी लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये पाण्याखाली फोटो काढले. तेव्हा फिल्मच्या जागी असलेल्या काचांना इतका उजेड लागायचा की एकेका फोटोसाठी अर्धा अर्धा तासही थांबायला लागे. पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो १९२६ चे, फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळचे. त्यात फ्लॅशसाठी पाण्यावर तराफ्यात मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. आणि काकांच्या निकोनॉसचा आजोबा म्हणजे समुद्रसंशोधक कुस्तोंच्या मंडळींसाठी बनलेला कॅलिप्सो. निकॉनने तो घेऊन १९६३ मध्ये निकोनॉस काढला आणि २००१ मध्ये ही सगळी मालिकाच बंद केली.

आणि हो: गोप्रो या कंपनीचा २००४ मधला पहिला कॅमेरा फिल्मचा होता. ३५ मिमीचा रोल घालायचा. हे सांगितलं की आमचा मुलगा मला खोटारडा म्हणतो.

घुबड_आणि_मी
१५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

शेवटचं मीही खोटं धरलं होतं. शोधून पाहिलं, खरंय!

निळीशार
१५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

धागा इतिहासात गेला, म्हणून पुन्हा कामाचं. काका, हाउसिंग घेतलंत तर हे लक्षात ठेवा.

ओ-रिंग (हाउसिंगच्या कडेची रबरी कडी) टोकदार वस्तूने काढायची नाही. जुन्या प्लास्टिक कार्डाची कड वापरा. ग्रीस कंपनीने दिलेलंच, आणि वाटाण्याएवढंसुद्धा जास्त. ग्रीसने पाणी थांबत नाही, पाणी रबर थांबवतं. ग्रीस फक्त रबर मऊ राहावं म्हणून. एक केस, वाळूचा एक कण पुरे होतो.

पहिल्यांदा कॅमेरा आत न घालता बुडवा. आत टिश्यू पेपर ठेवा. गळणारं हाउसिंग बहुतेक वरच्याच पाण्यात गळतं, कारण खाली गेल्यावर पाण्याचा दाबच दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. म्हणजे बादलीतली परीक्षा वाया जात नाही.

आणि पाण्यात पाणी शिरलंच, तर लेन्सचं तोंड खाली करून वर या. शिरलेलं पाणी पुढे साचतं, कॅमेऱ्याचा मागचा भाग कदाचित वाचतो. मग बॅटरी काढून गोड्या पाण्यात.

बेरीज_वजाबाकी
१५ ऑक्टोबर, रात्री ११:०२

"पाण्यात पाणी शिरलंच तर". वा ताई!

निळीशार
१५ ऑक्टोबर, रात्री ११:०५

हाउसिंगमध्ये हो! झोप आलीये.

प्रकाशयात्री
१६ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

आतल्या काचेवर धुकं धरतं त्याचंही बघा. दमट हवेत हाउसिंग बंद केलं आणि गार पाण्यात नेलं की आतली वाफ काचेवर बसते. हाउसिंग कोरड्या हवेत बंद करायचं, सिलिका जेलची पुडी टाकायची. यात सोलापूरकरांची चैन आहे. घरून निघतानाच बंद करून न्या. हवा सोलापूरची, पाणी मालवणचं.

चादरवाला
१६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

सोलापूरची हवा कुणाच्या तरी कामाला आली म्हणायची! मे महिन्यातली डब्यात भरून विकू का?

हिप्परगेकर
४ जानेवारी, रात्री ९:१५

मंडळी, धागा वर काढतोय. गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) सुरू व्हायच्या आत मालवण उरकून आलो. सगळं सांगतो.

दांडीकिनारा म्हणाले त्याच मालिकेतला कॅमेरा आणि हाउसिंग, दोन्ही जुनं घेतलं. स्ट्रोब जुनाच, मॅन्युअलवर. मास्कला भिंगं चिकटवली. निळीशार ताईंनी सांगितलेली परीक्षा बादलीत घ्यायची होती, पण पाण्याची पाळी परवा. चार दिवस साठवलेल्या पाण्यात बायको मला कॅमेरा बुडवू देईना, आणि तिचं बरोबर होतं. म्हणून हिप्परग्याकडे भावाच्या शेतातल्या विहिरीवर गेलो. मी पोहायला तिथंच शिकलो.

हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर आणि अर्ध्या किलोचं लोखंडी माप ठेवलं, वर आणखी एक दगड बांधला आणि पोहऱ्यासारखं दोरीने सोडलं. दहा मिनिटांनी ओढलं. टिश्यूचा एक कोपरा ओला! उघडून बघतो तर ओ-रिंगवर पांढरा तंतू, बोटाच्या पेराएवढा. घरून निघताना हाउसिंग स्वच्छ पुसलं होतं. कशाने, तर नव्याकोऱ्या सोलापुरी टॉवेलने. आपल्याच गावच्या टॉवेलने गळा कापला असता. चष्म्याच्या फडक्याने पुसून पुन्हा सोडलं, अर्धा तास ठेवलं. कोरडं.

मग कॅमेरा घालून मीच उतरलो. पुतण्याची दोन पोरं पाठीला डबा बांधून पोहत होती. पाण्याला हिरवी झाक, दिसायचं दोन-तीन मीटर. तळाशी जाऊन वर बघितलं. पाण्याखालून सरळ वर बघितलं की बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत मावतं, शंभर अंशांच्या आतच. त्या गोलात विहिरीचा काठ, निंबाची फांदी, काठावर लोंबकळणारे चार पाय, मधोमध आभाळ. गोलाच्या बाहेर सगळं काळं-हिरवं. तेवढ्यात धाकटा त्या गोलातून आत पडला. डबा, बुडबुडे, गच्च मिटलेले डोळे. मी दाबलं.

वर आलो तर दोघं "आजोबा दाखवा, आजोबा दाखवा". पायरीवर बसून दाखवला. धाकट्याने बघितलं, म्हणाला डोळे मिटलेत, परत. आणि परत उडी मारली. अकरा वेळा. अकराव्याला डोळे उघडे आहेत.

याच विहिरीत त्यांच्या बापाचा फोटो मी निकोनॉसने काढला होता, १९९८ मध्ये. एकच, कारण रोल मालवणसाठी वाचवायचा होता. महिन्याने धुऊन आला तेव्हा शाळा सुरू झाली होती आणि त्याला त्या उडीची आठवणही नव्हती. डोळे मिटलेले आहेत. तो फोटो घरात लावलेला आहे.

मालवणला चार डायव्ह झाले. पाणी सहा मीटरच्या आसपास. पहिल्या डायव्हला मी फक्त २२ फोटो काढले. हात थांबायचाच. दाबण्याआधी मनात हिशेब चालायचा. दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला दीडशे, आणि चौथ्याला परत ४१. @पाचवा_पडदा, शिस्तीचं म्हणाल तर ती गेली आणि परत आली, एवढंच सांगतो. एक नारिंगी ठिपक्यांची गोगलगाय, पाऊण इंचाची, तिची शिंगं स्पष्ट. तारेच्या चौकोनात ती मला कधी मिळाली नसती.

न जमलेलंही सांगतो. मोठ्या दृश्याचे फोटो फिके आहेत, स्लाइडची सर नाही. सूर्याचं भोक पडलं, तुम्ही म्हणालात तसंच. आणि पडद्याकडे बघत बसल्यामुळे एक भलामोठा बरॅकुडा मासा डोक्यावरून गेला तो मला बोटीवर आल्यावर दुसऱ्यांकडून कळला.

पाचवा_पडदा
४ जानेवारी, रात्री ९:५०

बरॅकुडाचं वाचून बरं वाटलं. (क्षमस्व.)

विहिरीचा फोटो टाका ना.

निळीशार
४ जानेवारी, रात्री १०:२०

काका!! अकरा उड्या! टॉवेलच्या तंतूचा किस्सा मी आता सगळ्या नवशिक्यांना सांगणार. निकोनॉसचं काय केलंत मग?

हिप्परगेकर
५ जानेवारी, सकाळी ८:०५

विकणार होतो, एक गिऱ्हाईकही आलं होतं. आत १७ फोटो झालेला रोल निघाला, मागच्या वर्षीचा. तो संपल्याशिवाय कसा देणार? १९ उरलेत. विहिरीवरच काढीन म्हणतो, ३५ ची लेन्स आहे, काठावरूनही चालते आणि पाण्यातही. सहा-सात महिने तरी पुरेल.

विहिरीचा फोटो पोरांच्या आईला विचारून टाकतो.

भीमाकाठ
५ जानेवारी, सकाळी ९:३०

विहिरीला पाणी किती आहे अजून?

हिप्परगेकर
५ जानेवारी, सकाळी ९:४४

दोन परस, म्हणजे दोन माणसं उभी बुडतील एवढं. मार्चपर्यंत टिकेल, मग पोरांच्या उड्या बंद.

दांडीकिनारा
५ जानेवारी, दुपारी १२:१५

काका, फेब्रुवारीत परत येतलात ना? पाणी आता साफ होत चाललंय. येताना शेंगाची चटणी आणा, मागच्या खेपेची बोटीवरच संपली.

हिप्परगेकर
५ जानेवारी, दुपारी १२:४०

दोन किलो आणतो. पण त्या तेलकट हाताने माझ्या ओ-रिंगला कुणी शिवायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.